सल्ला हवा: प्राचीन ज्यू इतिहास, अश्शूरच्या स्वारीपासून बार कोखबापर्यंत, कोणत्या क्रमाने वाचू?

अष्टागर

नमस्कार मंडळी. माझं गाव अलिबागजवळ. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे वंशज म्हणजे आपले बेने इस्रायली, कोकणातले ज्यू, ही गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असते. ते लोक तिकडून का निघाले असतील, हे शोधायला म्हणून मी प्राचीन ज्यू इतिहास वाचायला घेतला आणि आता पुरता गुंतलो आहे.

अडचण अशी. एकामागून एक सत्ता येत राहतात: अश्शूर, बाबेल, इराण, मग अलेक्झांडर, त्याच्यानंतर इजिप्तचे टॉलेमी आणि सीरियाचे सेल्युकिड, शेवटी रोम. मधेच त्यांचे स्वतःचे राजेही येतात. घरी मराठी बायबल आहे, पण त्यात जुना करार संपला की नवा करार थेट हेरोदाच्या काळात उघडतो. मधल्या चारेकशे वर्षांचं काय?

मूळ साधनं वाचायची तयारी आहे, इंग्रजी भाषांतरंही चालतील. कुठून सुरू करू, कशावर जास्त वेळ देऊ, आणि काय नुसतं चाळलं तरी चालेल?

दफ्तरी

अष्टागर, फार चांगला विषय घेतलात. माझा एकच आग्रह: प्रत्येक काळासाठी दोन कागद शेजारी ठेवा, एक ज्यूंचा आणि एक त्यांच्यावर राज्य करणाऱ्याचा. एकट्या बायबलवर किंवा एकट्या राजशिलालेखावर विसंबू नका.

सुरुवात इ.स.पू. ७०१ पासून करा. उत्तरेचं इस्राएल राज्य त्याआधीच, ७२२ च्या सुमारास, राजधानी शोमरोन पडून संपलेलं होतं. उरलं होतं दक्षिणेचं यहूदा. त्याच्यावर अश्शूरचा सन्हेरीब चालून आला. मराठी बायबलात दुसरे राजे, अध्याय १८ आणि १९ वाचा, आणि लगेच सन्हेरीबाच्या मातीच्या प्रिझमवरच्या लेखाचं भाषांतर वाचा. तो म्हणतो, मी ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि यहूदाच्या हिज्कीया राजाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र तो कुठेही म्हणत नाही! दोन्हीकडे खंडणीचा आकडा आहे. सोनं दोघांच्या हिशेबात ३० किक्कार (किक्कार हे वजनाचं जुनं माप). चांदी बायबलात ३००, सन्हेरीबाच्या लेखात ८००. शत्रूंचे दोन हिशेब सोन्यावर जुळतात आणि चांदीवर फाटतात, हे पाहिलं की पुढे साधनं कशी वाचायची याची नजर येते.

बाबेलच्या काळातही तेच करा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या बखरीत, म्हणजे बाबेलच्या इष्टिकालेखात, यरुशलेम पडल्याची तारीख आहे, अदार महिन्याचा दुसरा दिवस. आपल्या हिशेबाने इ.स.पू. ५९७ चा मार्च. मंदिर पाडलं गेलं ते नंतरच्या बंडानंतर, ५८७ किंवा ५८६ मध्ये. यहूदाच्या यहोयाखीन राजाला धरून नेलं होतं, त्याला आणि त्याच्या पाच मुलांना सरकारी कोठारातून तेल दिल्याच्या नोंदी बाबेलात सापडल्या आहेत. दुसरे राजे हे पुस्तक संपतं तेही त्याच माणसावर: त्याला कैदेतून काढलं आणि तो बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवू लागला.

मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरुदच्या राजवाड्यातले अश्शूरी शिल्पपट जरूर पाहा. यहूदातल्या लाखीश नगराला सन्हेरीबाने घातलेला वेढा दाखवणारे पट लंडनला आहेत, पण त्या दरबाराची धाटणी मुंबईतही डोळ्यांसमोर येते.

मृण्मयी

दफ्तरींशी सहमत. इराणी काळासाठी थोडी भर घालते, कारण लोक तिथे कोरेशाची प्रशंसा करून पुढे जातात.

इराणचा बादशहा कोरेश याने ५३९ मध्ये बाबेल घेतलं, बंदिवानांना परत जाऊ दिलं, हे एज्राच्या पुस्तकात आहे. त्याचा प्रसिद्ध मातीचा दंडगोल वाचा, पण त्यात ज्यूंचा किंवा यरुशलेमचा उल्लेख नाही हे लक्षात ठेवून. त्यात बाबेलच्या मर्दूक देवाची स्तुती आहे आणि त्या परिसरातल्या देवतांना आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचं वर्णन आहे. ज्यूंना मिळालेली सवलत त्याच धोरणात बसते, एवढंच त्यावरून म्हणता येतं. शिवाय सगळे परतलेही नाहीत. बाबेलजवळ 'यहूदाचं गाव' अशा नावाची वस्ती होती. तिथल्या इष्टिकालेखांत ज्यू कुटुंबं शेतसारा भरताना आणि कर्जाचे करार करताना दिसतात, तेही कोरेशानंतर कित्येक दशकं.

माझी खरी शिफारस एलिफंटाईनच्या कागदपत्रांची. नाईल नदीतलं, अस्वानजवळचं एक बेट. इराणी बादशहाच्या चाकरीतले ज्यू शिपाई तिथे बायकामुलांसह राहत होते, आणि त्यांचं स्वतःचं मंदिर होतं, यरुशलेमचं मंदिर उभं असताना! इ.स.पू. ४१० मध्ये खनूम देवाच्या पुजाऱ्यांनी इराणी अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. तीन वर्षांनी या लोकांनी यहूदाच्या सुभेदाराला अर्ज लिहिला. आम्ही गोणपाट नेसून उपास करतो आहोत, मंदिर पुन्हा बांधू द्या. तोच अर्ज शोमरोनच्या सनबल्लटाच्या मुलांकडेही पाठवला, असं त्यात नमूद आहे. हा सनबल्लट म्हणजे नहेम्याच्या पुस्तकातला यरुशलेमच्या तटाचा विरोधक. नहेम्या ज्याला शत्रू मानतो त्याच्या घराण्याकडे या दूरच्या ज्यूंनी मदत मागितली. परवानगी मिळाली ती धान्यार्पण आणि धूप यांची. पशुबळीचा शब्द उत्तरात नाही.

तिथेच मिब्तह्या नावाच्या बाईची कागदपत्रं आहेत: घराचे दस्त, लग्नाचा करार. नवऱ्याला जसं सभेत उभं राहून काडीमोड जाहीर करता येतो तसा तिलाही येतो, असं करारात लिहिलंय. राजे बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा, असं मी कोणालाही सांगेन.

एक व्यवहाराची गोष्ट. मराठी बायबलात नावं कोरेश, दारयावेश, अर्तहशश्त अशी येतात. इंग्रजी साधनांतली नावं वेगळी दिसतात, म्हणून शेजारी एक यादी करून ठेवा.

कल्याणी

अष्टागर, तुमची 'मधली चारशे वर्षं' हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. ती चाळू नका. कॅथलिक बायबलात मकाबींची दोन पुस्तकं आहेत, तिथून सुरू करा. बरेच जण जोसेफसपासून, म्हणजे पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकारापासून, सुरू करायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. आधी मकाबी, मग जोसेफस.

आणि दुसरं मकाबी पहिल्याच्या आधी वाचा. पहिल्या पुस्तकात मामला सरळ दिसतो: दुष्ट सेल्युकिड राजा अँटिओकस एपिफानेस, शूर याजक मत्तथ्या, मोदीन गावातलं त्याचं बंड. दुसरं पुस्तक आधीची भानगड सांगतं. यासोन नावाच्या पुजाऱ्याने राजाला ४४० किक्कार चांदी देऊ करून भावाचं मुख्य याजकपद घेतलं, वर ग्रीक पद्धतीच्या व्यायामशाळेसाठी आणखी १५०. तीन वर्षांनी मेनेलावसाने त्याच्यावर ३०० चढवून बोली लावली आणि पद पळवलं. छळाचा हुकूम इ.स.पू. १६७ चा, त्याच्या आधीच यरुशलेमच्या सर्वोच्च पदाचा लिलाव सुरू झाला होता आणि बोली लावणारे घरचेच होते. परकी सत्ता आत कशी शिरते हे याहून स्पष्ट मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

१६४ मध्ये मंदिर शुद्ध झालं, त्याचा सण म्हणजे हनुक्का. लोक इथेच पुस्तक मिटतात. त्यानंतर मत्तथ्याच्या घराण्याने, हास्मोनी म्हणतात त्यांना, सुमारे ऐंशी वर्षं राज्य केलं, आणि ते राज्य नीट पाहायला हवं. योहान हिर्कानसने गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोनी लोकांचं मंदिर पाडलं आणि दक्षिणेच्या इदोमी लोकांना सुंता करायला लावली. ज्यांच्या आजोबांनी सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध शस्त्र उचललं त्यांनीच हे केलं. अलेक्झांडर यन्नायने आपल्याच ८०० ज्यू विरोधकांना क्रुसावर चढवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची बायकामुलं मारली, असं जोसेफस लिहितो. त्याची विधवा शलोमी अलेक्झांड्रा हिने ७६ ते ६७ राज्य केलं. हा त्यातल्या त्यात शांततेचा काळ, आणि इतिहासाने तिची दखल फार कमी घेतली, हे मला मनापासून सलतं.

ती गेल्यावर दोन मुलगे भांडले आणि दोघेही इ.स.पू. ६३ मध्ये दमास्कसला रोमन सेनापती पाँपेकडे न्याय मागायला गेले. त्याच वेळी तिसरं शिष्टमंडळही आलं होतं. त्यांचं म्हणणं, आम्हाला दोघांपैकी कोणीच राजा नको, आमची रीत याजकांच्या सत्तेची. पाँपेने त्यांचं ऐकलं नाही. त्याच वर्षी तो यरुशलेमात शिरला आणि जिथे वर्षातून एकदा फक्त मुख्य याजक जात असे त्या परमपवित्र स्थानात जाऊन उभा राहिला.

नाणेघाट

कल्याणीताईंनी सांगितलेला सगळा काळ नाण्यांवर वाचता येतो. मी नाण्यांचा नादी, म्हणून हा मार्ग सुचवतो. वस्तुसंग्रहालयांची छायाचित्रं जालावर सहज मिळतात.

इराणी काळातली इवलीशी चांदीची नाणी, 'यहूद' असं नाव असलेली. सुभा परक्यांचा, पण नाण्यावर आपलं नाव. मग हिर्कानसची तांब्याची नाणी: जुन्या हिब्रू लिपीत 'योहान मुख्य याजक आणि ज्यूंची सभा', माणसाचा चेहरा नाही, दोन समृद्धिशिंगं आणि मध्ये डाळिंब. यन्नायच्या नाण्यावर एकीकडे हिब्रू, दुसरीकडे ग्रीक, आणि जहाजाचा नांगर. हा नांगर सेल्युकिडांचं चिन्ह होता. ज्यांना हाकललं त्यांच्याच थाटात राजा मिरवायला लागला, ते इथे दिसतं.

माझं सर्वांत आवडतं नाणं शेवटच्या हास्मोनी राजाचं, अँटिगोनस मत्तथ्याचं. त्याला इ.स.पू. ४० मध्ये इराणच्या पार्थियनांनी गादीवर बसवलं, आणि रोमच्या फौजा घेऊन आलेल्या हेरोदाने ३७ मध्ये काढलं. त्याने नाण्यावर मंदिरातली सात फांद्यांची दीपमाळ घातली. राज्य जाताना त्याने मंदिराची खूण पुढे केली. हेरोदाच्या नाण्यांवर मग फक्त ग्रीक.

पुढे इ.स. ६६ च्या रोमविरुद्धच्या बंडातले चांदीचे शेकेल, 'पवित्र यरुशलेम' लिहिलेले. त्यावर रोमचं उत्तर म्हणजे ताडाखाली बसलेली रडणारी स्त्री, 'यहूदिया जिंकला'. आणि रोमविरुद्धच्या शेवटच्या बंडाचा पुढारी बार कोखबा याने रोमन नाण्यांवरच आपला ठसा मारून त्यांवर मंदिराचं चित्र काढलं, मंदिर पडून साठ वर्षं उलटल्यावर.

दफ्तरी

कल्याणीताई, क्रमाबद्दल तुमचं पटलं. तरी जोसेफसला फार मागे ढकलू नका. इ.स. ६७ मध्ये तो गालीलात बंडखोरांचा सेनापती होता. योदफात पडल्यावर शरण गेला, रोमन सेनापती वेस्पासियन सम्राट होणार असं भाकीत केलं, आणि ते खरं ठरल्यावर रोममध्ये त्या घराण्याच्या आश्रयाने लिहू लागला. त्यामुळे वेस्पासियनचा मुलगा तितुस, ज्याने यरुशलेमला वेढा घातला, त्याची बाजू तो सांभाळतो. बंडखोरांना चोर-दरोडेखोर म्हणतो. पण यरुशलेमच्या वेढ्यात आत तीन गट एकमेकांशी लढत होते आणि धान्याची कोठारं त्यांनीच जाळली, हे तपशील तोच देतो. मंदिर ७० मध्ये जळलं. त्यानंतर ज्यूंनी मंदिरासाठी देत आलेला वार्षिक पैसा रोममधल्या ज्युपिटरच्या देवळासाठी कर म्हणून भरायचा, असा हुकूम निघाला.

शेवटच्या बंडाला, १३२ ते १३५, जोसेफससारखा कोणी इतिहासकार नाही. म्हणून बार कोखबाची पत्रं वाचा, नहाल हेवरच्या गुहेत १९६० मध्ये सापडली ती. लढाईच्या धामधुमीत तो सणासाठी खजुराच्या फांद्या, महाळुंगासारखी लिंबं, मर्टल नावाच्या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या आणि वाळुंजाच्या फांद्या मागवतो आहे. बंड मोडल्यावर यरुशलेमच्या जागी रोमन सम्राट हेड्रियनच्या नव्या नगरात, एलिया कॅपिटोलिनात, ज्यूंना प्रवेशबंदी झाली आणि प्रांताचं नावही बदललं.

चाळण्याजोगं काय, तर टॉलेमी आणि सेल्युकिडांच्या आपसातल्या लढाया. इ.स.पू. २०० च्या सुमारास यहूदिया एकाकडून दुसऱ्याकडे गेला, एवढं कळलं की पुरे.

अष्टागर

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद उतरवून घेतले आहेत. दुसरं मकाबी या आठवड्यातच सुरू करतो.

एक उपप्रश्न. बेने इस्रायली परंपरेत असं सांगतात की पूर्वज अँटिओकसच्या छळातून निघाले. त्यांच्यात पूर्वी हनुक्का पाळत नसत, म्हणून ते १६४ च्या आधी निघाले असावेत, असंही वाचलं. याला काही आधार?

थळकर

माझं आजोळ बेने इस्रायली, म्हणून लिहिते. ही परंपरा आमच्याकडे मनापासून जपलेली आहे, पण त्या काळातला लेखी पुरावा नाही. हनुक्का नव्हता यावरून तारीख काढणंही जपून करावं. शतकानुशतकं इतरांपासून दूर राहिलेल्या समाजातून एखादा सण निसटूही शकतो.

मात्र आमच्याकडे बिरड्याचा रोजा आहे. ज्यू पंचांगातल्या अव या पाचव्या महिन्याच्या नवमीचा उपास, वालाच्या बिरड्याशी जोडलेला. तो मंदिराच्या नाशाचा शोक. कोणत्या मंदिराचा? लोकांना ७० सालचंच आठवतं. पण जखऱ्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, बेथेलची माणसं विचारायला येतात की पाचव्या महिन्यात आम्ही इतकी वर्षं शोक करत आलो तसा अजूनही करायचा का? हे इराणी काळातलं, दारयावेशाच्या चौथ्या वर्षातलं, म्हणजे पहिल्या मंदिरासाठीचा शोक. तेव्हा रोजावरूनही पूर्वज कधी निघाले ते ठरत नाही. तरी जखऱ्या तुमच्या यादीत घाला, एज्राच्या लगेच नंतर. आणि बेने इस्रायलींची मराठी कीर्तनं कुठे ऐकायला मिळाली तर सोडू नका. बायबलातल्या कथा आपल्या कीर्तनाच्या बाजात गायल्या जातात.

मृण्मयी

थळकरताई, जखऱ्या सुचवलात ते फार बरं केलंत. अष्टागर, हग्गयही सोबत घ्या. दोनच अध्याय आहेत आणि त्याच काळातले. मंदिर पुन्हा बांधायला लोक का टाळाटाळ करत होते ते त्यात आहे: पीक बुडालेलं, मजुराची मिळकत भोक पडलेल्या थैलीत गेल्यासारखी. एज्राच्या सहाव्या अध्यायाआधी ते वाचलंत तर मंदिर पूर्ण झाल्याची नोंद वेगळी लागेल.