मदत हवी आहे: कक्षेतून मावळणारा चंद्र पायथन प्रोग्राममध्ये चपटा होत नाही

छत्रीबाग
इंदूरला आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात विज्ञान प्रदर्शन आहे. 400 किमीवरच्या अवकाश स्थानकातून चंद्र मावळताना कसा दिसतो, ते पडद्यावर दाखवायचंय. क्षितिजावरचं 34 आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे 1 आर्कमिनिट) वक्रीभवन, म्हणजे हवेमुळे किरणाचं वळणं, घातलं, पण चकती गोलच राहते, नुसती वर सरकते. फोटोंत तर पार चेपलेली असते. कुठे अडतंय?

देवगुरू
34 हा जमिनीवरून बघणाऱ्याचा आकडा. कक्षेतून बघताना किरण हवेत शिरतो, जमिनीला घासून पुन्हा बाहेर पडतो. वळण दुप्पट, सुमारे 70. शिवाय ते अख्ख्या चकतीला सारखं लावलंय. खरं म्हणजे किरण जितका वरून जाईल तितकं वळण कमी, ढोबळमानाने दर साडेपाच किमीला निम्मं. चपटेपणा येतो तो या फरकातून.

तिथून क्षितिज सुमारे 2300 किमी लांब, म्हणून हवेतला 1 किमी = दीड आर्कमिनिट. चित्र उलट बाजूने भरा: पडद्यावरची ओळ घ्या, तिथला किरण जमिनीपासून किती उंचीवरून जातो ते काढा, तिच्या कोनातून वळण वजा करा आणि मूळ चंद्राची तिथली ओळ उचला. सरळ बाजूने गेलात तर उंची आधी माहीत नसते, दर ओळीला समीकरण सोडवत बसाल.

पडताळा: खालची कड 10 किमीवर असताना चकतीची उंची 31 ऐवजी 16 आर्कमिनिटच्या आसपास यावी, 5 किमीवर असताना 10. रुंदी तेवढीच.

छत्रीबाग
आली, 16! खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त दबलीय, ते बरोबर ना? आणि प्रकाश कमी जागेत आला म्हणून तिथे उजळ करू का?

देवगुरू
दबणं बरोबर. उजळ मात्र अजिबात नको, हा घोळ बरेच जण घालतात. वक्रीभवनाने पृष्ठभागाची उजळता बदलत नाही. चकती लहान दिसते, तेवढा एकूण प्रकाश घटतो. अंधुकपणा येतो विखुरण्यामुळे. तेव्हा खाली येताना रंगांपैकी निळा चॅनेल (चित्रातला निळ्याचा भाग) आधी उतरवा, मग हिरवा, लाल सर्वांत शेवटी.

शुक्रतारा
फोटोंतल्या दातेरी कडा या सूत्रातून निघणार नाहीत. त्यासाठी थंड हवेवर गरम हवेचा थर लागतो, तिथे वळण एकदम बदलतं.

शेजारी इंदूरहून दिसणारा चंद्रही ठेवा, लोक थांबून बघतील. मात्र तिथे 34 सरसकट नको, तो 1010 मिलिबार हवेचा दाब आणि 10 अंश सेल्सिअससाठी आहे. इंदूर 550 मीटरवर, दाब 950 धरा, तापमान 30 (केल्विनमध्ये 10 अंश म्हणजे 283, 30 अंश म्हणजे 303): 34 × 950/1010 × 283/303, म्हणजे जवळपास 30 आर्कमिनिट.