मदत हवी आहे: हार्मोन नॉर्मल, तरी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं?

अबोली: मुलगा ९ वर्षांचा. दोन वर्षांत जेमतेम ४ सेंटिमीटर वाढलाय. डॉक्टर म्हणतात, रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सुरू करू. पण रिपोर्टमध्ये हार्मोन नॉर्मल आहे! मग द्यायचं कशाला? सोमवारी उत्तर द्यायचंय. लवकर सांगा.

पाऊलवाट: मूळ आजार काय? हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढलं का?

रानवारा: भाच्याला चार वर्षं दिलं, छान वाढला. आता आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शनही निघालंय, तेच मागा.

पाऊलवाट: रानवारा, भाच्याला हार्मोनची कमतरता होती ना? इथे ती नाहीये.

कडुनिंब: हार्मोनच्या नादी लागू नका. पोहायला घाला, बारला लटकू द्या.

अबोली: किडनीचा आजार आहे हो, जन्मापासून. स्टेज ३. आमचं रोजचंच झालंय, लिहायचं सुचलंच नाही.

तिन्हीसांज: अबोलीताई, हेच तर महत्त्वाचं! माझ्या लेकीला याच कारणासाठी दिलं. किडनीच्या जुन्या आजारात हार्मोन रक्तात नॉर्मल असतं, कधी जास्तच, पण शरीर त्याला दाद देत नाही. ग्रोथ हार्मोनमुळे बनणारं, हाडं वाढवणारं आयजीएफ-१ हे द्रव्य रक्तातली प्रथिनं धरून ठेवतात, मोकळं फार कमी उरतं. म्हणून बाहेरून मोठा डोस. अमेरिकेत यासाठी १९९३ पासून मंजुरी आहे. टर्नर सिंड्रोममध्येही (मुलींमधला गुणसूत्राचा जन्मजात दोष) कमतरता नसताना देतात. मात्र आधी बायकार्ब (रक्तातल्या आम्लाचा तोल), पीटीएच (हाडांतल्या कॅल्शियमवर परिणाम करणारं हार्मोन) आणि खाणं मार्गी लागलं पाहिजे, नाहीतर टोचून फारसा उपयोग नाही.

रानवारा: क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेच्या, मुलांनाही देतात म्हणे?

तिन्हीसांज: क्रोन्स, सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसं-पचनाचा जन्मजात आजार), स्टिरॉइडवर असलेला बालसंधिवात यांत वापरून पाहिलंय, उंची वाढलेली दिसलीय. पण तिथे तो नेहमीचा उपचार नाही.

कडुनिंब: प्रत्यारोपणानंतर मूल आपोआप वाढतं. थांबा थोडं.

तिन्हीसांज: नाही हो! तोवर राहून गेलेली उंची बहुतेकदा पूर्ण भरून निघत नाही, त्यात स्टिरॉइड असतील तर आणखी अडतं. आणि हाडांची टोकं जुळली, म्हणजे वाढीचं वय संपलं, की हार्मोनने उंची वाढत नाही. कृपा करून असं थांबायला सांगू नका.

पाऊलवाट: सुरू केल्यावर सतत डोकं दुखलं, नजर धूसर झाली किंवा तो लंगडायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. साखरही तपासत राहतात.

अबोली: पीटीएच मागच्या वेळी वाढलेलं होतं! सोमवारी आधी तेच विचारते. तिन्हीसांज, रोज टोचायला लेक तयार कशी झाली?

तिन्हीसांज: पेन असतं, सुई बारीक. टोचायची जागा रोज लेकच निवडायची, मांडी की पोट. पहिले दोन आठवडे रडली.