केमोसाठी पोर्ट बसवावा की दर वेळी हातालाच सुई? मदत हवी आहे

आईच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. आता डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइडचे 4 डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलचे 12. डॉक्टर पोर्ट (कातडीखाली बसवायची छोटी डबी, तिची नळी मोठ्या शिरेत जाते) सुचवतात, पण आईला आणखी एक ऑपरेशन नको आहे. हातावर भागेल का? पोर्टमध्ये काय बिघडतं?

प्रतिसाद 1
बसवून घ्या. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूचा हात शक्यतो टाळतात, म्हणजे 16 डोस आणि मधल्या रक्त तपासण्या, सगळं एकट्या उजव्या हातावर. त्यात डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस मरतं. जखम महिनोन्महिने भरत नाही, कधी त्वचारोपण करावं लागतं. पोर्टच्या नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, तिथल्या रक्तात औषध लगेच पातळ होतं. डोस मोजके, औषध सौम्य आणि दोन्ही हातांच्या शिरा ठसठशीत असत्या तर मी पोर्ट नको म्हटलं असतं.

ऑपरेशन छोटं असतं. जागेवरची भूल, साधारण अर्धा ते एक तास, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. डबी उजव्या कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

दंडातून घालायची पिक लाइनही असते, पण तिचं टोक बाहेर राहतं. दर आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लश (सलाईन सोडून नळी धुणं), आंघोळीला जपणं. इतक्या लांब उपचाराला पोर्टच सोपा.

प्रतिसाद 2
बिघडण्याबद्दल. सगळ्यात जास्त भीती जंतुसंसर्गाची. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा वर, किंवा फ्लशनंतर थंडी वाजली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. पोर्टच्या बाजूचा हात किंवा मान सुजली तर शिरेत गुठळी असू शकते, तेही त्याच दिवशी दाखवा.

पुष्कळदा घडतं ते असं: सलाईन आत जातं, पण रक्त मागे येत नाही. नळीच्या टोकावर फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचा) पडदा धरतो. हात वर करून, खोकून, कूस बदलून पाहतात. तरी नाही आलं तर अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं औषध 2 मिलिग्रॅम घालून थांबतात, मग डाय टाकून एक्स-रे. रक्त येईपर्यंत डॉक्सोरुबिसिन देऊ देऊ नका, कितीही घाई असली तरी.

सुई ह्युबरचीच (पोर्टसाठीची खास सुई) हवी, साधी सुई पोर्टचा पडदा कापते. फ्लशची सिरिंज 10 मिलीपेक्षा लहान नको. लहान सिरिंजने दाब वाढून नळी फुटू शकते. उपचार संपल्यावरही पोर्ट ठेवला तर 4 ते 12 आठवड्यांनी फ्लश लागतो, नेमकं अंतर तुमचा दवाखाना सांगेल.

धागाकर्ता
पोर्टची तारीख उशिरा मिळाली आणि पहिला डोस हातावर द्यावा लागला तर?

प्रतिसाद 2
कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) त्याच दिवशी नवीन, कोपराखालच्या हातात. मनगट आणि कोपराची घडी टाळायची. आधी रक्त मागे येतं का पाहायचं. जळजळ किंवा सूज वाटताक्षणी आईने बोलायचं, सहन करायचं नाही. झिरपलंच तर औषध थांबवून कॅन्युला तशीच ठेवून आतलं ओढून घेतात, मगच काढतात. तिथे चोळू नका, दाबू नका. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक देतात. डेक्स्राझोक्सेन (अशा झिरपण्यावरचा उतारा) द्यायचं ठरलं तर पहिला डोस 6 तासांच्या आत जायला हवा, म्हणून ते तिथे मिळतं का हे डोसच्या आधीच विचारून ठेवा.