मदत हवी आहे: २० लाखांची देणगी, कायम निधी की वरचा मजला? (सांगली)

कृष्णाकाठची
आमच्या केंद्राला एक आजोबा मोठी देणगी देणार आहेत. मी सचिव आहे. माझं म्हणणं, रक्कम कायम निधीत टाकायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर केंद्र चालवायचं. बाकीचे विश्वस्त म्हणतात, वरचा मजला चढवू. रविवारी बैठक आहे. त्यांना पटतील असे मुद्दे हवेत. निधी म्हणजे काय हे कृपया सांगू नका, ते माहीत आहे.

माहुलीकर
मोठी म्हणजे किती? केंद्रात काय चालतं? वर्षाचा खर्च किती? विश्वस्त संस्था नोंदलेली आहे का?

कृष्णाकाठची
रक्कम शीर्षकात आहे की! नोंदणी, देणगीदाराला करसवलत देणारं ८०जी, सगळं आहे. अभ्यासिका, ज्येष्ठांचा कट्टा, बचत गटांचे शिलाईवर्ग, शिवाय हॉल भाड्यानं देतो. खर्च नेहमीचाच.

मिरज_जंक्शन
वीजबिल मोठं असणार. सोलर बसवा. आमच्या अपार्टमेंटमध्ये बसवलं आणि सामायिक बिल जवळजवळ संपलं. फोटो टाकू का?

माहुलीकर
सोलर कुणी विचारलंय? केंद्राचा खरा खर्च माणसांचा असतो. फरशीला, पंख्यांना देणगी मिळते, कारण पाटीवर नाव लागतं. झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पगाराला कोण देणगी देतं? आमच्या साताऱ्यातल्या केंद्राचं २०२० च्या टाळेबंदीत हॉलचं भाडं पूर्ण थांबलं. मावशी आणि ग्रंथपाल बाई, दोघींचे पगार ठेवींच्या व्याजातून दिले. ती गंगाजळी नसती तर दोघींना घरी बसवावं लागलं असतं, आणि पुन्हा अशी माणसं मिळाली नसती. विश्वस्तांना एवढंच विचारा, मजला बांधून झाल्यावर तो झाडणार कोण आणि त्याचा पगार कुठून देणार?

वारणाकाठ
ठेवायचेच असतील तर पतसंस्थेत ठेवा. बँकेपेक्षा जास्त व्याज. आमच्याकडं माणसं ओळखीची असतात, बँकेत कोण विचारतं?

हिशेबनीस
तसं करू नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा पैसा कुठं गुंतवायचा, ते महाराष्ट्राच्या १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. त्यात पतसंस्था नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. सहकारी बँक घेणार असाल तर ती मान्यताप्राप्त आहे का बघा, आणि सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका.
ताई, दोन गोष्टी तुम्ही सांगितल्याच नाहीत. खर्चाचा आकडा, आणि देणगीदारांनी लेखी काय दिलंय?

वारणाकाठ
म्हणजे सगळ्या पतसंस्था बुडव्या? आमच्या गावात लोकांची लग्नं, शिक्षणं पतसंस्थेच्या कर्जावर झालीत.

हिशेबनीस
कर्ज घ्या की, त्याला कुणाची ना नाही. हा पैसा आपला नाही, लोकांचा आहे.

पुण्यातला_सांगलीकर
एवढी ओढाताण कशाला? एखाद्या कंपनीकडून सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा त्यांचा पैसा, घ्या आणि निधी उभा करा.

हिशेबनीस
२०२१ पासून सीएसआरचा पैसा कायम निधीत घेता येत नाही. उपक्रमासाठीच मिळतो आणि उपक्रम संपला की थांबतो.

कृष्णाकाठची
खर्च ३ लाख १० हजार, हॉलचं भाडं दीड लाख, बाकी दरवर्षी दारोदार फिरून. लेखी काही नाही, आजोबा "केंद्रासाठी वापरा" म्हणाले. चेक पुढच्या आठवड्यात मिळेल.

आयर्विन_पूल
केंद्र कुठल्या भागात आहे? २०१९ ला पाणी शिरलं होतं का?

कृष्णाकाठची
गावभागात. शिरणारच की. शिलाई मशिनी आणि पुस्तकं गेली.

आयर्विन_पूल
मग हे आधी सांगायला हवं होतं! आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुमचे विश्वस्त दिखाव्यासाठी मजला मागतायत असं मला वाटत नाही. पुस्तकं वर गेलीच पाहिजेत. २०२१ ला पुन्हा तेच झालं होतं.

माहुलीकर
पुराच्या वर्षी मदतीचा ओघ येतो, हे मान्य. पण दोन वर्षांनी भिंतीची ओल आणि वायरिंग यांना कुणी विचारत नाही. तेव्हा निधीच लागतो.

आयर्विन_पूल
आणि तोवर पुस्तकं पाण्यात?

शिलाईवाली
मी असाच वर्ग शिकून आता घरी ब्लाउज शिवते. मशीन वर नेणं दोन माणसांचं काम असतं. मजला नसेल तर निदान भक्कम माळा करा.

हिशेबनीस
शिलाईवाल्या ताईंचं बरोबर आहे, माळ्याचा खर्च काढून बघा. आता आकडे. २० लाखांवर ७ टक्क्यांनी १ लाख ४० हजार व्याज. तुमची तूट १ लाख ६० हजार. म्हणजे वर्गणीसाठी दारोदार फिरणं जवळपास थांबेल, संपणार नाही. महागाई वाढेल, म्हणून निधीत दरवर्षी थोडी भर हवी. ५ लाख माळ्याला काढले तर व्याज १ लाख ५ हजारांवर येईल. हा आकडा बैठकीत फळ्यावर लिहा.
आणि रक्कम कायम निधीसाठी आहे असं आजोबांचं पत्र चेकबरोबरच घ्या. ते नसेल तर प्राप्तिकरासाठी देणगी त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते. मग ८५ टक्के कामावर खर्च करा, नाहीतर फॉर्म भरून ठरावीक कारणासाठी ५ वर्षांपर्यंत राखून ठेवा. तुम्हाला हवा तसा कायम निधी होत नाही.

कृष्णाकाठची
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आजोबांकडे शनिवारीच जाते. पत्रात नेमकं काय लिहून घेऊ?

हिशेबनीस
"ही रक्कम मी संस्थेच्या कायम निधीसाठी देत आहे. मुद्दल कायम ठेवून त्याचे व्याज केंद्राच्या दैनंदिन खर्चासाठी वापरावे." खाली रक्कम, तारीख, सही. माळ्यासाठी वेगळी रक्कम दिली तर वेगळं पत्र, वेगळी पावती. निधीच्या ठेवी इतर पैशात मिसळू नका, आणि आजोबांना माळ्याचंही सांगा. पैसे त्यांचे आहेत, त्यांनाच ठरवू द्या.