'नॅपिंग'ला मराठीत काय म्हणाल?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या मुलांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतेय. इंग्लंडच्या ब्रँडन गावातले कारागीर बंदुकीसाठी चकमकीचे दगड कसे तयार करत, त्याचं वर्णन आहे. आधी जड हातोड्यानं गोटा फोडायचा, मग त्यातून लांबट पाती काढायची, शेवटी पातं लोखंडी खुंट्यावर धरून चौकोनी तुकडे पाडायचे. तिथं 'नॅपिंग' म्हणजे फक्त ही शेवटची पायरी. पुरातत्त्ववाले मात्र सगळ्याच कामाला नॅपिंग म्हणतात. मी 'दगड घडवणे' लिहिलं. वडील म्हणाले, घडवतात ती मूर्ती, हे तर फोडणं.

खटावकर: पाटा-वरवंटाही घडवतातच की! आमच्याकडं टाकीवाली जात्याला टाकी लावायला बसली की आजी आम्हाला लांब उभं करायची, कपची डोळ्यात जाईल म्हणून. 'कपची काढणे' घ्या ताई, मातीतला शब्द आहे.

मिरजेची: दादा, टाकी लावताना कपची हा कचरा. इथं बरेचदा कपचीच हवी असते, तीच पुढं पातं, टोक किंवा तासणी होते. उरतो तो गाभा. म्हणून पुरातत्त्वात 'छिलका' रूढ आहे.

खटावकर: छिलका हिंदी झाला. त्यापेक्षा 'टवका' काय वाईट?

मिरजेची: टवका आपोआप उडतो. कपबशीचा उडाला की आपण हळहळतो. इथं घाव कुठं, कोणत्या कोनात घालायचा ते आधी ठरवलेलं असतं. शिंगाच्या टोकानं नुसतं दाबूनही बारीक कपच्या काढतात, तिथं उडणार काय?

वाईकर: हिंदी नको म्हणता, मग 'चकमक'चं काय करणार? तो शब्द तुर्की आहे, मूळ अर्थ ठिणगीसाठी आघात करणं. सैन्याच्या झटापटीला चकमक म्हणतात ते उगीच नाही.

खटावकर: तुर्की असो, आता आपलाच. पण दगडाला चकमक म्हणणंच मला पटत नाही. आमचे आजोबा दगडाला गार म्हणत आणि पोलादी पट्टीला चकमक. बटव्यात दोन्ही असायचं, सोबत कापूस.

मिरजेची: आमच्या घरी दगडच चकमक होता! शिवाय गार म्हणजे नेमकं काय? आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, म्हणजे अकीकाच्या जातीचा दगड, सापडते. नेवासे, इनामगाव इथल्या उत्खननांत सापडलेली प्राचीन पाती तिचीच. ती शंखाभ फुटते, फुटल्या जागी शिंपल्यासारख्या लाटा दिसतात. पांढऱ्या गारगोटीतून तसं लांब पातं सहसा निघत नाही.

वाईकर: आमच्याकडं दोन्हीला गारच म्हणतात.

कृष्णाकाठ: मंडळी, माझ्या तीन पायऱ्या? 'फोडणे, पाती काढणे, तोडणे' चालेल का?

खटावकर: तोडतात तो ऊस, ताई. आणि चकमक म्हणजे पट्टीच, वडिलांना विचारून बघा.