शुक्रवारची टर्की, पाऊण तासात

प्रेषक: श्रद्धा
दिनांक: शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५
विषय: शुक्रवारी संध्याकाळी झटपट टर्की?

नमस्कार मंडळी,

यंदा थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला टर्की पक्षी खायचा सण, नेमकं मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आलंय. २०२२ मध्येही असंच झालं होतं, पण तेव्हा सासूबाई इथे नव्हत्या. आता आहेत. घट मांडणार, कहाणी वाचणार, त्यामुळे गुरुवारी घरात सामिष शिजणं शक्यच नाही. अलीकडे सरकावं म्हटलं तर आमचं कुलदैवत खंडोबा, म्हणजे बुधवारी चंपाषष्ठीपर्यंत षड्रात्र. त्या दिवशी भरीत-रोडगा. राहिला शुक्रवार. सासूबाई पूर्ण महिना पाळत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी त्याही जेवतील, फक्त "ते रबरासारखं कोरडं नको" अशी ताकीद आहे.

मला शुक्रवारी सुट्टी नाही. सहाला घरी पोचते, साडेसातला मुलांना भूक. अख्खा पक्षी वगैरे विचारातच नाही. मुलांना फक्त "आम्हीपण टर्की खाल्ली" एवढं सोमवारी शाळेत सांगायचंय. कोणी संत्र्याचा रस आटवून वरून लावतं असं ऐकलंय. पाच माणसं आहोत. नीट सांगाल का?

श्रद्धा

---

प्रेषक: अनिल
दिनांक: शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

श्रद्धा,

अख्खा पक्षी नाही म्हणजे टर्की नाही, असं माझं मत. पण तुझी अडचण खरी आहे. तेव्हा एकच सांगतो: मांसात खुपसायचा थर्मामीटर घे. पंधरा-वीस डॉलरला मिळतो. आपल्या लोकांची टर्की बिघडते ती मसाल्यामुळे नाही, तर मटणासारखी "अजून थोडी शिजू दे" करत बसल्यामुळे. मटणाला शिजवाल तेवढं चांगलं, कारण त्यात चरबी आणि चिवट भाग असतो. टर्कीच्या छातीत यातलं जवळजवळ काहीच नाही. ती जितकी जास्त शिजेल तितकी कोरडी.

आत १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झालं की संपलं. रंग बघून ठरवू नकोस. सगळ्यात जाड भागात, बाजूने आडवा खुपस. वरून उभा खुपसलास तर टोक पलीकडे पॅनला टेकतं आणि भलताच आकडा दाखवतं.

अनिलकाका

---

प्रेषक: विनया
दिनांक: रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

श्रद्धा, काकांचं थर्मामीटरचं अगदी बरोबर. बाकी अख्ख्या पक्ष्याचं त्यांनी त्यांच्या घरी करावं, आम्ही जेवायला येऊ!

तू टर्की टेंडरलॉइन आण. छातीच्या मोठ्या मांसाखाली एक निमुळती पट्टी असते, ती वेगळी काढून विकतात. पाकिटात बहुतेक दोन असतात, दीड पौंडाच्या आसपास. पाच जणांना, त्यात दोन मुलं, भाताबरोबर पुरेल. हाडं नाहीत, कातडी नाही. एका टोकाला पांढरी शीर डोकावते, ती कागदी रुमालात धरून ओढ आणि बाजूने सुरी फिरव, निघून येते. नाही निघाली तर सोडून दे, जेवताना बाजूला काढता येते.

पाकिटावरचं बारीक अक्षर आधी वाच. पुष्कळ पाकिटांवर अमुक टक्के मिठाचं पाणी घातलंय असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर वरून मीठ लावूच नकोस, कारण रस आटला की त्यातलाही खारटपणा वाढतो. लिहिलेलं नसेल तर सकाळी डबे भरतानाच मीठ, मिरपूड, थोडं तिखट चोळून ठेव.

संध्याकाळी आल्याबरोबर ओव्हन ४०० फॅरनहाइटला लाव आणि भाताचा कुकर चढव. पट्ट्या कागदी रुमालाने चांगल्या कोरड्या कर. ओल्या टाकल्यास तर नुसत्या वाफाळतात, रंग येत नाही. ओव्हनमध्ये जाणारा जाड बुडाचा पॅन, दोन चमचे तेल, मध्यमपेक्षा जास्त आच. एक बाजू तीन मिनिटं हलवायची नाही. मग उलटवून पुन्हा तीन. मग पॅनसकट ओव्हनमध्ये. जाडीप्रमाणे बारा ते अठरा मिनिटं लागतात, पण दहाव्या मिनिटाला थर्मामीटर लाव.

तेवढ्या वेळात शेजारच्या शेगडीवर स्टीलच्या पातेल्यात रस. लोखंडी कढई नको, आंबट रस लोखंडात आटवला की चव धातूसारखी लागते. एक कप संत्र्याचा रस, दोन मोठे चमचे किसलेला गूळ (मधही चालतो, पण गुळाने रंग छान येतो), एक चमचा सोया सॉस, एक चमचा मोहरीची पेस्ट म्हणजे डिजॉन, बोटभर आलं किसून, चिमूटभर लाल मिरचीचे तुकडे. मोठ्या आचेवर खळखळ उकळू दे. निम्म्याहून थोडा कमी झाला, बुडबुडे मोठे आणि संथ फुटायला लागले, आणि चमच्याच्या पाठीवर थर धरून बोटाने ओढलेली रेघ टिकली की झाला. एकतारी पाकाच्या बरंच अलीकडे थांबायचं. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस आणि संत्र्याच्या सालीचा कीस. साल आधी घालून उकळलीस तर कडू होते. किसतानाही फक्त वरची नारिंगी, खालचं पांढरं नाही.

आता मुख्य गोष्ट. हा रस सुरुवातीपासून मांसावर ओतून ओव्हनमध्ये ठेवायचा नाही. त्यात साखर आहे, मांस शिजेपर्यंत ती करपते आणि पॅनला काळा थर बसतो. थर्मामीटर १५० च्या आसपास आला की पॅन बाहेर काढ, ब्रशने किंवा चमच्याने जाडसर लाव, चार-पाच मिनिटं परत आत. १६० ला बाहेर, वरून सैलसर फॉइल, आठ-दहा मिनिटं हात लावायचा नाही. आतली उष्णता तेवढ्यात वर सरकते. १६५ दिसल्याशिवाय कापू नकोस, नसेल झालं तर पुन्हा दोन मिनिटं आत. मग मांसाच्या रेषांना आडव्या, बोटभर जाडीच्या चकत्या, आणि उरलेला रस वरून.

विश्रांतीच्या त्या दहा मिनिटांत रिकाम्या पॅनमध्ये फरसबी परतून घे. पॅनचा दांडा तापलेला असतो, त्याच्यावर फडकं टाकून ठेव, नाहीतर सवयीने हात जातोच.

वेळ वाचवायचा तर संत्र्याचा रस सकाळीच काढून फ्रीजमध्ये ठेव.

विनया

---

प्रेषक: सुनंदा
दिनांक: रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

विनया, सगळं छान लिहिलंस, पण धुण्याचं राहिलं की! आमच्याकडे कोंबडी हळदीच्या पाण्यातून दोनदा काढल्याशिवाय शिजत नाही. टर्कीला वास जास्त, तिला तर धुवायलाच हवं.

आणि श्रद्धा, संत्री विकत आणू नकोस. रिव्हरसाइडच्या आमच्या परसातलं नेव्हल संत्र्याचं झाड यंदा वाकलंय. पिशवी भरून ठेवते, येऊन घेऊन जा.

सुनंदाकाकू

---

प्रेषक: अनिल
दिनांक: रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सुनंदावहिनी, धुण्याबद्दल क्षमा करा, पण नको. नळाखाली धरलं की कच्च्या मांसावरचं पाणी सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतं. इथलं कृषी खातंही धुऊ नका असंच सांगतं. जे काही जंतू आहेत ते १६५ ला मरतात, पाण्याने मरत नाहीत. हळद हवी तर मिठाबरोबर चोळा, रंगही येईल आणि मनालाही बरं वाटेल.

---

प्रेषक: प्रसाद
दिनांक: सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

मंडळी, दोन गोष्टी, दोन्ही संत्र्यांबद्दल. माझा आवडता विषय असल्याने लांबण लागेल.

पहिली: विनयाताई, रस सकाळी काढून ठेवू नका, निदान नेव्हलचा तरी नाही. नेव्हल खाताना गोड लागतं, पण रस काढून ठेवला की काही तासांत त्यात कडवटपणा उतरतो. लिमोनिन नावाचं द्रव्य फळ फोडल्यानंतर हळूहळू तयार होतं. म्हणूनच बाटलीबंद रसाचे कारखाने नेव्हलपेक्षा व्हॅलेन्शिया जातीची संत्री पसंत करतात. पण व्हॅलेन्शियाचा इथला हंगाम उन्हाळ्याकडचा, नोव्हेंबरात बाजारात येतं ते नेव्हलच. तेव्हा दोनच मार्ग: रस लागेल तेव्हाच पिळा आणि लगेच आटवायला घ्या, किंवा सरळ बाटलीतला, साखर न घातलेला रस वापरा. सालीच्या किसासाठी मात्र एक ताजं संत्रं हवंच, खरा वास तिथेच असतो.

दुसरी: काकू, तुमचं मन मोठं आहे, पण पिशवी देऊ नका. आपल्या भागातल्या बऱ्याच वस्त्या एचएलबी या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे क्वारंटाइनमध्ये आहेत. तिथल्या घरच्या झाडाचं फळ त्या आवाराबाहेर न्यायला बंदी आहे. खा, रस काढा, मुरांबा करा, सगळं आवारातच. रोग पसरवणारा तो इवलासा किडा फळाबरोबरच्या पानांवरून प्रवास करतो, आणि रोग लागलेल्या झाडाला औषध नाही. राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर नकाशा आहे, पत्ता घालून बघा.

हे रिव्हरसाइडमध्ये मनाला जास्तच लागतं, कारण कॅलिफोर्नियातली नेव्हल इथूनच पसरली. ब्राझीलच्या बाहियामधून वॉशिंग्टनला आलेल्या कलमांतली दोन-तीन रोपं १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स यांनी इथे लावली. नेव्हलला बी नसतं, त्यामुळे पुढची प्रत्येक बाग डोळा भरून, म्हणजे कलम करूनच वाढली. त्यांतलं एक झाड मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर अजून उभं आहे. त्या किड्याच्या भीतीने आता त्याच्याभोवती जाळीचा तंबू ठोकलाय. पाहुण्यांना गाडीतून दाखवायला मी नेहमी नेतो, सगळे विचारतात, "एवढंच?"

प्रसाद

---

प्रेषक: विनया
दिनांक: सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रसाद, हे माहीत नव्हतं. श्रद्धा, मग बाटलीचाच रस घे, शुक्रवारी पिळत बसायला तुला वेळ कुठे. आणि बाटलीचा असेल तर गूळ आधी एकच चमचा घाल, चाखून वाढव.

---

प्रेषक: मेधा
दिनांक: सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

मी शाकाहारी, तरी ही साखळी चवीने वाचतेय. (मंडळाच्या यादीवर पाककृतीची साखळी असली की भांडण नसतं, हे बघून अध्यक्षांना किती बरं वाटत असेल!)

श्रद्धा, हाच रस बटरनट भोपळ्यालाही लागतो. साल काढून इंचाच्या फोडी, तेल-मीठ, ४२५ ला पंचवीस-तीस मिनिटं, आणि विनया म्हणते तसंच, रस अगदी शेवटी. मी मोहरीच्या पेस्टऐवजी जिऱ्याची पूड घालते. सासूबाईंना ऐन वेळी टर्की नको झाली तर हातात काहीतरी असेल. ओव्हन एकच असेल तर ४०० लाच ठेव, भोपळा दहा मिनिटं आधी आत ढकल.

मेधा

---

प्रेषक: श्रद्धा
दिनांक: मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

सगळ्यांचे आभार. आज दुकानात टेंडरलॉइन फक्त गोठवलेलंच मिळालं. आता नवा पेच: सासूबाई म्हणतात गुरुवारी घटाच्या दिवशी कच्चं मांस घरातल्या फ्रीजमध्ये नको. उत्तरपूजा शुक्रवारी सकाळी. तोपर्यंत वितळवायला बाहेर काढायचं नाही. पाकीट सध्या गॅरेजमधल्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये आहे, ते त्यांना चालतं, कारण गॅरेज म्हणजे "घराबाहेर".

शुक्रवारी सकाळी खाली काढलं तर संध्याकाळपर्यंत सुटेल का? ओट्यावर ठेवू?

---

प्रेषक: अनिल
दिनांक: मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

ओट्यावर अजिबात नको. बाहेरचा भाग गरम होऊन जंतू वाढतात आणि आत बर्फ तसाच. गॅरेजचा फ्रीज चालतो ना त्यांना? मग गुरुवारी रात्री त्याच फ्रीजमध्ये फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात सरकव, खाली ताट ठेवून. दीड पौंडाचं पाकीट शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सुटतं.

मधे थोडा बर्फ राहिलाच, तर पाकीट न फोडता, पाणी आत जाणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्याच्या पातेल्यात बुडव, अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदल. पौंडाला अर्धा तास असा हिशोब आहे, तुला उरलेल्यासाठी तेवढाही लागणार नाही. मग लगेच शिजव. गोठलेला भाग राहिला तर बाहेर करपतं आणि आत १२० वर अडकतं, आणि मग रात्री नऊला मला फोन येतो.

उरलं तर जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी गरम करू नकोस, पुन्हा कोरडं होईल. पातळ चकत्या करून गारच पोळीत गुंडाळ, सोबत लोणच्याचा खार आणि कांदा.

---

प्रेषक: सुनंदा
दिनांक: मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

प्रसाद, नकाशा बघितला. आमची गल्ली आतच आहे. ठीक आहे, या सगळ्यांनी रविवारी इथेच, परसात बसून सोलून खा. सालं आणि पानं पण इथेच टाकून जायची.

श्रद्धा, सासूबाईंनाही आण. आणि अनिलभाऊजी, हळद-मीठ चोळेन, धुणार नाही, पण ओटा मात्र मी माझ्याच पद्धतीने तीनदा पुसणार.