वळचणीची सागवानी झालर: कुजलेले तुकडे हुबेहूब कसे करावेत?

प्रश्न: पुण्यातला जुना वाडा. झालरीची (छपराच्या कडेला लोंबणाऱ्या नक्षीदार पट्टीची) फळी २० मिमी जाड, साधारण आठ फूट कुजली आहे. सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्राला) द्यावी का?

प्रतिसाद १: एवढ्याशासाठी कशाला? चांगल्या तुकड्याचा रंग आधी उतरवा, थरांवरून गिरवलेली नक्षी बोथट येते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. रिमूव्हर लावून खरवडा. मग नक्षी गिरवून ६ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) साचा करा. साचा नव्या फळीवर आखा, जिगसॉने (बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने) रेषेबाहेर २ मिमी सोडून कापा, बेअरिंगवाल्या राउटर बिटने (साच्याच्या कडेवरून फिरत लाकूड तासणाऱ्या पात्याने) साच्याबरोबर आणा. आतले कोपरे बिट गोलच ठेवतं (सीएनसीचंही तेच), तिथे पटाशी हवी.

प्रतिसाद २: लाकडाच्या रेषा उभ्या ठेवा. आडव्या असल्या की लोंबती टोकं कापतानाच तुटतात. म्हणजे एक लांब फळी नको, उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडा. साग तेलकट असतो. वॉटरप्रूफ ग्लू लावण्याआधी थिनरने पुसा, नाहीतर सांधा सुटतो.

प्रश्नकर्ता: जुन्यासारखे लोखंडी खिळे चालतील?

प्रतिसाद १: नको, पावसात सागावर काळे ओघळ येतात. पितळी स्क्रू, आधी भोक पाडून. खालची टोकं बसवण्याआधीच प्रायमरने दोनदा भरा. पाणी तिथूनच चढतं.